फुकट तपासणीचा खर्च

तिसऱ्या तपासणीलाही शेवंताबाई आली नाही, तेव्हा मी तिचा केसपेपर टेबलावर आपटला. "कमी पैशात करून दिलं की किंमत राहत नाही," असं सिस्टरला बोलूनही गेले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

हिंगोलीत माझा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. शेवंताबाई सेनगाव रस्त्यावरच्या तांड्यावरची. वय तिशीच्या आत. सायनस म्हणजे आपल्या चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या. तिच्या या पोकळ्या वर्षानुवर्षं सुजून राहिल्या होत्या आणि नाकात द्राक्षांसारखे मऊ कोंब वाढले होते. कापूस वेचायला वाकली की डोकं फुटायला यायचं. तीन वर्षं तिला कशाचा वास नव्हता. चुलीवर दूध करपलं तरी कळायचं नाही, म्हणून दुधापाशी सासू बसायची.

"बाकी राहू द्या बाई," ती मला म्हणाली होती, "दूध करपलेलं तेवढं कळू द्या."

तिच्या सासूने, गंगाबाईने, दोन बकऱ्या विकल्या. त्यात नांदेडचा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीचं ऑपरेशन भागलं. मी फी कमी केली आणि वर ऐटीत सांगितलं, "नंतरच्या सगळ्या तपासण्या फुकट."

या तपासण्या ऑपरेशनइतक्याच महत्त्वाच्या. आत खपल्या धरतात. त्या दर आठवड्याला काढल्या नाहीत तर जखमा एकमेकींना चिकटतात आणि उघडलेली वाट परत बंद होते. पहिल्या गुरुवारी ती आली. त्यानंतर तीन गुरुवार कोरडे गेले. तांड्यावर फोन नव्हता.

मग एका बाजाराच्या दिवशी गंगाबाई एकटीच दारात उभी राहिली. हातात अंड्यांची रिकामी टोपली.

"नाक धुवायची पुडी संपली. तेवढी द्या."

"पुडी कसली मागता, मावशी? सून कुठंय? सगळं वाया जाईल ना. मी पैसे मागितले का?"

"न्हाई मागितले." म्हातारी शांतपणे खाली बसली. "पण बाई, तुमचं फुकट आमाला लई महाग पडून राह्यलं."

मग तिने बोटांवर मोजत सांगितलं. पहिल्या वेळी नाक साफ केल्यावर शेवंताबाईला घेरी आली होती, स्टँडवर ती खालीच बसली. तेव्हापासून तिला एकटं धाडायचं नाही असं घरात ठरलं. म्हणजे सुनेची मजुरी बुडाली, सोबत्याचीही बुडाली, दोघांचं जीपभाडं वेगळं. त्यात कापसाची वेचणी सुरू.

"मग आज तुम्ही कशा आलात?"

"आज बाजार हाय. आज वेचणी बंद. घरातलं कोणीतरी येतंच."

"मग आजच का नाही आणलं तिला?"

तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "तुमीच तर पाटी लावली, बाई. बाजारादिशी तपासणी बंद."

पाटी मीच लावली होती. भूल देणारे डॉक्टर नांदेडहून त्याच दिवशी यायचे, म्हणून तो माझा ऑपरेशनचा दिवस. आजूबाजूची सगळी खेडी ज्या दिवशी हिंगोलीत येतात, नेमक्या त्या दिवशी मी दार लावून बसत होते. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मावशीला पुडी दिली. "पुढच्या बाजारी सुनेला घेऊन या," म्हटलं, "पाटी मी काढते."

संध्याकाळी भूलवाल्या डॉक्टरांना गाठलं.

"पुढच्या वेळेपासून दहाऐवजी अकराला सुरू करू. आधी तासभर पेशंट बघीन."

"मॅडम, माझी परतीची गाडी चुकेल."

"एकच तास."

"बरं. पण मग तो तासभर चहा तरी बरा पाजा."

पुढच्या बाजाराला दोघी आल्या. एका बाजूला जखम चिकटली होतीच. मी बधिर करून ती सोडवली. शेवंताबाईने सासूचा हात घट्ट धरून ठेवला. त्यानंतर त्यांनी एकही बाजार चुकवला नाही. अंडी विकायची, मीठमिरची घ्यायची, नाक दाखवायचं, जीप पकडायची.

सहाव्या की सातव्या बाजाराची गोष्ट. दुर्बीण बाहेर काढून मी लिहीत बसले होते. शेवंताबाई एकदम ताठ झाली.

"बाई, काहीतरी करपून राह्यलं."

मला काही जाणवलं नाही. सिस्टरलाही नाही. तरी सिस्टर आत धावली. डॉक्टरांच्या चहाचं दूध स्टोव्हवर ठेवून ती विसरली होती, आणि ते तळाला लागलं होतं.

गंगाबाईने सुनेकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. "घे माय," ती म्हणाली, "आता दूध तुझं तू बघ. मी सुटले." मी उगीच दुर्बीण पुसत राहिले.

डॉक्टरांना त्या दिवशी करपट चहा मिळाला. त्यांनी तोंड वाकडं करून तो प्यायला.

तेव्हापासून माझी एक सवय झाली. ऑपरेशनच्या खर्चाचा आकडा सांगण्याआधी मी विचारते, "तुमच्या गावची जीप इकडे कोणत्या दिवशी भरून येते?"