बाई एकही रोप टाकत नाहीत

यंदा नववीचा निकाल लागला त्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, पळसदरीच्या मनीषावर अन्याय झाला. पोरगी पास होती, गणितात काठावर. तरी हेडमास्तरांनी तिच्या आईच्या हातात सतरा नंबरचा फॉर्म ठेवला. शाळेतून नको, दहावीला बाहेरून बसवा. शाळेचा निकाल शंभर टक्के राहायला हवा ना. आणि ही पद्धत त्या शाळेत ज्यांनी आणली, त्या माझ्या गणिताच्या बाईंइतकं मऊ काळीज अख्ख्या कर्जत-खालापुरात कुणाचं नाही. फक्त ते मिरचीच्या रोपांसाठी राखीव आहे.

निवृत्त झाल्यापासून बाई मोहोपाड्याच्या फ्लॅटमध्ये उन्हाळाभर वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं करतात. टीव्हीवर ट्रे, वॉशिंग मशीनवर ट्रे, सोफ्यावर कागदी कप. कपडे धुवायचे तर आधी टोमॅटोची परवानगी काढावी लागते. रोपांना दोन पानं फुटली की बाई कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने गुंतलेली मुळं सोडवतात आणि एकेक रोप वेगळ्या कपात लावतात. कपात आइस्क्रीमची काडी, काडीवर हजेरी नंबर. "पान धर, देठाला हात लावू नकोस. पान तुटलं तर दुसरं येईल," हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. सगळं जग मरतुकडं रोप फेकतं आणि जोमदार ठेवतं. बाई फेकत नाहीत. मी एकदा एक वाकडी, पिवळी मिरची केराच्या डब्यात टाकली, तर बाईंनी ती चहाच्या चोथ्यातून शोधून काढली, धुतली आणि मला विचारलं, "तुला कुणी अधिकार दिला?" परिणाम असा की रोपं तीनशे आणि अंगण शून्य. मग दारात येईल त्याच्या हातात कप. वर बाई आठवड्याने फोन करून प्रगती विचारतात. गॅसवाला आता सिलिंडर जिन्यातच ठेवून पळतो.

शाळा उघडायच्या आठवड्यात मी मनीषाच्या आईला घेऊन बाईंकडे गेले. बाई मिरची वेगळी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसा. सोफ्यावर नको, तिथे वांगी आहेत."

मनीषाच्या आईचा जन्म भाजीच्या वाफ्यात गेलेला. ती कर्कटकाकडे बघतच राहिली. "अवो बाई, आमी मूठभर उपटतो न् लावतो. तुमी तर टाके काढल्यासारकं करताय."

"म्हणून तुमची निम्मी मरतात."

"मरतात की. तुमची जगतात, पण कपातच म्हातारी व्हतात."

बाई मनापासून हसल्या. तेवढ्यात मी फॉर्म पुढे केला आणि हेडमास्तरांना सांगा म्हटलं. हसू गेलं. "शाळेचं नाव राखावं लागतं. तुला नाही कळायचं ते."

मी आमच्या संघटनेच्या पत्रकातलं एखादं वाक्य फेकणार, इतक्यात मनीषाच्या आईने एका लुळ्या रोपाकडे बोट केलं. "ह्याला किती दिस झाले?"

"एकवीस."

"माज्या पोरीला तुमच्या शाळंनं पंधरा मिन्टं दिली."

बाईंनी कर्कटक खाली ठेवलं. हात धुतले. वहीचं पान फाडून लिहिलं, 'ही पद्धत मी सुरू केली. ती चूक होती.' खाली सही.

तो कागद घेऊन आम्ही तिघी शाळेत गेलो. हेडमास्तर बाईंचेच विद्यार्थी. त्यांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, घडी तुम्हीच बसवलीत. मी कशी विस्कटू? बघू पुढच्या आठवड्यात."

परतताना रिक्षात बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या वेळच्या किती असतील गं? काय करत असतील?" त्यांना एकीचंही नाव आठवेना. मला खरं तर त्यांच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही.

मनीषाचा फॉर्म अजून कोरा आहे. तुमच्याही गावातल्या शाळेने शंभर टक्के निकालाचा फलक लावला असेल. उद्या आत जा आणि विचारा, आदल्या वर्षी नववीत किती मुलं होती? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.