बॅनरची खालची ओळ

मला नसत्या चौकशा फार, असं आई म्हणते. पण कॅमेरा घेतल्यावर मला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते अशाच एका चौकशीतून.

कर्जतमधली लग्नं-बारशी जुन्या स्टुडिओवाल्यांनी कधीच वाटून घेतलेली. मला कुणी विचारेना. एकदा खोपोलीच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते, तर डोक्यावर कुणा दादांच्या वाढदिवसाचा बॅनर. दादांना सोडून मी खालच्या शुभेच्छुकांची ओळच न्याहाळत बसले. एकाच्या कपाळावर मुंडावळ्या तशाच, म्हणजे फोटो त्याच्या लग्नातला. दुसऱ्याच्या खांद्यावर एक हात होता, पण हाताचा मालक कापलेला. या लोकांचे फोटो काढतं तरी कोण? मला राहवेना. बॅनर छापणाऱ्या दुकानाचं नाव कोपऱ्यात होतं, ते शोधत गेले.

दुकानदार म्हणाले, "कोन काढनार? मोबाइलवर येतात, आमी कापतो."

मी त्यांच्याकडे दुकानाचा मागचा कोपरा मागितला. एक पांढरा पडदा, एक दिवा, बस्स. त्यांनी महिनाभराची मुदत दिली. नाहीच जमलं तर तिथे लॅमिनेशनचं मशीन बसणार होतं.

माणसं आली, पण तुरळक. आणि काय एकेक नमुने! कडक इस्त्रीचा एकच शर्ट चौघांनी आळीपाळीने घातला. एक जण बंद मोबाइल कानाला लावून उभा राहिला. मी विचारलं, "कोणाशी बोलताय?"

"कोनाशी नाय गं. पन मानूस बिझी वाटतो."

ज्याचा वाढदिवस त्याचे तुम्ही कोण, असं मी प्रत्येकाला विचारायचे. निम्म्यांनी त्या दादांना जवळून पाहिलंही नव्हतं. मला भारी गंमत वाटायची, पण गमतीवर कोपरा टिकत नाही. महिना संपत आला होता.

अशात खालापूरकडच्या एका गावातून दुकानात फोन आला. फोन करणाऱ्याची पुतणी पोलीस भरतीत निवडली गेली होती. वहिनी बॅनर सांगायला येतायत, खाली आम्ही भावकीतले बारा जण, सगळ्यांचे फोटो तिथेच काढू, असा निरोप. बारा गिऱ्हाईकं एकदम! मी पडदा धुऊन आणला.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली. फार्महाउसवर स्वयंपाकाला जाणारी बाई, नवरा मुलगी लहान असतानाच गेलेला. मुलगी प्रशिक्षणाला गेली होती, तिचा वर्दीतला फोटो आईच्या मोबाइलवर होता. आईचा स्वतःचा फोटो मात्र आधार कार्डावरचा तेवढाच. मी तिला पडद्यापुढे उभं केलं. पदर चार वेळा सारखा केला तिने. फोटो बघून म्हणाली, "मी हाय व्हय ही?" आणि लाजली.

मग मी विचारलं, "मावशी, बाकीचे कधी येतायत?"

"कोन बाकीचे?"

"तुमचे दीर वगैरे. बॅनरच्या खालच्या ओळीत."

"खाली कोन असतं गं?"

"ज्यांना मुलीचं चांगलं व्हावं असं वाटतं, ते."

तिचा चेहरा बदलला. "पोर पहाटं रस्त्यानं पळाया जायाची, तवा हेच दारात येऊन बोलायचे. चड्डी घालून पळते, आमचं नाक कापते. दिरानं तिचे बूट इहिरीत टाकले. मंग ती महिनाभर अनवाणी पळली. नाय. माझा येकटीचाच लाव."

हातातोंडाशी आलेला घास जाताना दिसत होता. तरी आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला निघालेल्या त्या बारा जणांचा मला खरंच राग आला. दुकानदारांनी मला बाजूला घेतलं. "तिला समजव, ताई. कोपरा तुलाच पायजे ना?"

पाहिजे होता. तरीही मी तिच्या एकटीचाच फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकला.

शेवटी दुकानदारांनी आपल्या सवयीने कॉम्प्युटरवर बॅनर जुळवला. वर वर्दीतली मुलगी, खाली डाव्या टोकाला आईचा छोटा चेहरा, पुढची सगळी ओळ पांढरी. त्यांनी मुलीच्या आईकडे वळून शेवटचा प्रयत्न केला. "ताई, बगा तुमीच. येवढी जागा मोकळी बरी दिसते का? लोक इचारतील."

तिने कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बोट ठेवलं आणि त्या मोकळ्या जागेवरून ते सावकाश टोकापर्यंत नेलं.

"इचारू दे," ती म्हणाली. "कोन कोन नव्हतं, त्ये मी सांगंन."

मी दुकानदारांना म्हटलं, "छापा."