मागच्या बाजूची गाठ

गोदूबाईंनी जन्मात सुई धरली ती पायातला काटा काढायला. तसं कापड त्यांना नवं नव्हतं. भिवंडीच्या लूमखात्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: मागावरून उतरलेला तागा उलटा करायचा, दिसली गाठ की छोट्या कात्रीनं उडवायची आणि सुटलेला दोरा ओढून काढायचा. माल तपासणारा मेहता म्हणायचा, "गोदूबाईच्या हाताखालनं गेलं ना, समझो पास!" गप्पा मारता मारता त्यांचा हात आपोआप चालायचा, बघायलाही लागायचं नाही.

अशा बाईनं पंचावन्नाव्या वर्षी पूर्णा गावातल्या शिवणक्लासात नाव घातलं, तेव्हा पोरी फिदीफिदी हसल्या. हसेनात का! त्यांना काय ठाऊक?

गोदूबाईंची लेक तुळजा याच क्लासात शिकायची. हातरुमालाएवढ्या पांढऱ्या कापडावर तिनं आपल्या तान्हीचं नाव गुलाबी दोऱ्यानं भरलं होतं, 'रीमा'. नवशिकीचा साधा धावदोरा, वाकडातिकडा. भोवती फुलांची वेल यायची होती. त्याआधी कावीळ आली आणि आठ दिवसांत हसती-खेळती लेक गेली. रीमा आता कशेळीला, बापाकडे. पुढच्या महिन्यात एका रविवारी तिचा पहिला वाढदिवस. पोरीला आईचा चेहरा काही आठवणार नाही, निदान आईच्या हातचं नाव तरी असावं तिच्यापाशी, एवढाच गोदूबाईंचा हट्ट. त्यासाठी वेल पुरी करायची होती.

शिकवणाऱ्या मेघालीताईंशी पहिल्याच दिवशी वाजलं ते गाठीवरून.

"मावशी, मागे गाठ मारा."

"गाठ? गाठीचा माल कोन घेल गं?"

"अहो, भरतकाम गाठीवरच टिकतं!"

पुटपुटत का होईना, शिकल्या. चिंध्यांवर महिनाभर बोटं टोचून घेतली. पाकळ्या आधी चिंचोक्यांसारख्या आल्या, मग जरा फुलांसारख्या. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तुळजाच्या कापडावरची वेल पुरी झाली. मेघालीताई म्हणाल्या, "मावशी, जिंकलंत!" गोदूबाई खुलल्या. तुळजा लहानपणी सुई हरवली की कशी कावरीबावरी व्हायची, ते रंगात येऊन सांगू लागल्या. सांगता सांगता कापड उलटं केलं आणि कात्री धरलेला हात आपोआप चालला. कच्. कच्. मग दोरा धरून ओढला.

"मावशी!"

मेघालीताई ओरडल्या तोवर नावाचा गुलाबी दोरा अख्खा हातात आला होता. अरे देवा! जित्याची खोड म्हणतात ती हीच. गोदूबाईंनी कापड सुलटं केलं. वेलीच्या मधोमध सुईची बारीक भोकं तेवढी राहिली होती. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, एकदा नाही, चार-पाचदा.

मेघालीताईंनी त्यांचे हात धरले. "भोकं दिसतायत ना, त्यातूनच पुन्हा भरू. तस्संच होईल. रीमाला कळणारसुद्धा नाही."

"तिला न्हाय कलनार," गोदूबाई हुंदके देत म्हणाल्या. "पन ते माजं व्हईल गं. तुलजीचं न्हाय."

त्यांनी सुई घेतलीच नाही. रविवारी कशेळीला जाऊन कापड तसंच रीमाच्या मांडीवर ठेवलं. जावई मनोजनं ते उचलून कौतुकानं पाहिलं.

"वेल मस्त जमलीय, आई. मधे नाव का नाय टाकलं?"

"व्हतं, जावयबापू," गोदूबाई म्हणाल्या. "तिच्या आयशीनं घातलेलं. मीच काढलं."