चहा होईस्तोवर पाणी खाली बसतं

चाकणला कंपनीत ऑडिट चालू होतं. टेबलावरचा फोन थरथरला, त्यावर नसीमचं नाव दिसलं आणि मी तो कापला. दुसऱ्यांदाही कापला. उस्मानभाईंची मुलगी कामाच्या वेळेत उगाच फोन करणारी नव्हे, हे ठाऊक असूनही. जेवणाच्या सुट्टीत मेसेज वाचला: "काका, अब्बा गेले. सकाळी." ताट तसंच ठेवून मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. त्याला आता दोन महिने होत आले. मी कमी बोलतो असं लोक म्हणतात, कौतुकानं म्हणतात. पण कमी बोलण्याच्या आडोशाला काय काय दडवता येतं, ते मला विचारा...

उस्मानभाई मूळचे कोकण किनाऱ्यावरचे, घरची मासेमारीची होडी असलेले. तरुणपणी पिंपरीत कारखान्यात लागले आणि कारखाना बंद पडल्यावर संत तुकाराम नगरच्या कडेला त्यांनी दुचाकींचं छोटं गॅरेज टाकलं. पवनेला पूर आला की नदीकाठच्या वस्त्यांतली माणसं बाहेर काढायला आम्ही चार सोसायट्यांच्या लोकांनी मदत मंडळ काढलं होतं. देणगीतून होडी घेतली, तिच्या मागे लावायचं पेट्रोलचं इंजिन घेतलं. आणि मग त्या इंजिनाला हात लावणारा माणूस सापडेना. गाड्या बनवणाऱ्या या एवढ्या मोठ्या पट्ट्यात! माझी स्कूटर दुरुस्त करताना मी सहज बोललो, तर उस्मानभाई मान वर न करता म्हणाले, "होडीचं इंजिन? अहो, चालायला लागायच्या आधी मी त्याची दोरी ओढत होतो."

पहिल्याच वर्षी ते इंजिन चालू होई आणि जोर दिला की बंद पडे. मी क्वालिटीतला इंजिनिअर, कागद पेन घेऊन तयार. म्हणालो, कार्ब्युरेटर खोलूया. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बस. "सतीशराव, ताप आला की लगेच पोट फाडता काय तुम्ही? आधी टाकीशी बोलू. इंजिन शेवटी." टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक स्क्रू असतो, तो बंद राहिला तर पेट्रोल पुढे सरकत नाही. तो पाहिला. मग नळीच्या मध्ये असलेला रबरी फुगा दाबून पाहिला, नाडी बघावी तसा. मग नळी, मग गाळणी. आणि शेवटी लोणच्याच्या एका काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढून ती गॅरेजच्या कट्ट्यावर ठेवली. "आता काय करायचं?" मी विचारलं. "आता चहा. चहा होईस्तोवर पाणी खाली बसतं." खरंच बसलं. वर पेट्रोल, खाली पाण्याचा वेगळा थर, मध्ये स्पष्ट रेघ. हल्लीच्या पेट्रोलला हवेतला ओलावा ओढून घ्यायची खोड आहे, म्हणून साठवलेलं वापरायचं नाही, दरवर्षी मे महिन्यात टाकी रिकामी करून ताजं भरायचं, हे त्यांनी आम्हाला पाठ करून घेतलं.

त्या कट्ट्यावर माझे कितीतरी रविवार गेले. घरी मी बिनसाखरेचा चहा पितो. तो एकदा ते आमच्याकडे आले तेव्हा प्यायले, कप उजेडात धरला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, बाटलीत काढून बघू का? पाणी जास्त वाटतंय." ती अजून ते सांगून हसते. ईदला शीरखुर्म्याचा डबा पिंपळे सौदागरला आमच्या घरी यायचा आणि मी वेळेवर डबा परत केला नाही तर गॅरेजमध्ये जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर माझा उद्धार व्हायचा.

आता जे सांगायचं ते सांगतो. पेट्रोल बदलण्याचं काम माझ्याकडे होतं. चार पावसाळ्यांपूर्वी मे महिन्यात कंपनीत गडबड होती, ओव्हरटाइम चालू होता. मंडळाच्या शेडमध्ये आदल्या वर्षीच्या पेट्रोलचा कॅन होता. पेट्रोल दिसायला स्वच्छ होतं. मी तेच ओतलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरले. खाली सही.

ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं. होडीत उस्मानभाई, मी, एक आजी आणि तान्हं मूल घेतलेली तिची सून. भर प्रवाहात इंजिन बंद पडलं. होडी आडवी झाली आणि पुलाच्या खांबाकडे ओढली जाऊ लागली. उस्मानभाईंनी दोरी ओढली, स्क्रू पाहिला, फुगा दाबला. "फुगा घट्ट आहे. म्हणजे पेट्रोल येतंय," ते म्हणाले. "मग जे येतंय तेच खराब." क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि वल्हं उचललं. खांब जवळ आला तेव्हा होडी आपटू नये म्हणून त्यांनी खांदा मध्ये घातला. काठावरच्यांनी दोर टाकून आम्हाला ओढून घेतलं. सगळे वाचले. त्यांचा तो हात मात्र पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही.

काठावर आल्यावर एका हातानं त्यांनी पिशवीतली बाटली टाकीतून भरली आणि काठाच्या भिंतीवर ठेवली. चहा नव्हता. आम्ही दोघं नुसते बघत बसलो. रेघ उमटली.

"रजिस्टरात काय लिहिलंय?"

"बदललं म्हणून."

"हं," ते म्हणाले. बाटली रिकामी केली, पुसली, पिशवीत टाकली.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, इंजिन कुणाच्या हाताखालून गेलं होतं? उस्मानभाई लगेच बोलले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले... मी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरची नक्षी बघत होतो. मग ते म्हणाले, "सर्व्हिसिंग माझीच." कुणीतरी म्हणालं, चाचांचं वय झालं आता. इंजिनाची देखभाल दुसरीकडे द्यायचं ठरलं. त्यांनी शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यानंतर ते नदीकडे फिरकले नाहीत. मी मात्र कट्ट्यावर जात राहिलो. चहा पीत राहिलो.

जाण्याच्या महिनाभर आधी ते घरी अंथरुणावर होते. मी एकदाचं तोंड उघडलं, "उस्मानभाई, ती बाटली..." त्यांनी हातानंच थांबवलं. "ती मी ओतली कारण बाटलीनं सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. थांबलो होतो तुमच्यासाठी. चहा घ्या, साखर घातलीय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला गेलो. गॅरेज आता नसीम चालवते, हात बापासारखाच आहे. लोक निघून गेल्यावर गॅरेजमध्ये ती म्हणाली, "ती होडीची चूक सोडली तर अब्बांच्या हातून काम कधी बिघडलं नाही, काका." तेव्हा मी सगळं सांगितलं, कॅनपासून सहीपर्यंत. तिनं हातातल्या पान्याचं तेल पुसून तो खाली ठेवला.

"अब्बांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही दर ईदला आमचा शीरखुर्मा खात होतात."

मी मान डोलावली.

"मंडळात सांगा," ती म्हणाली. "आणि लोक वाचतात तिथेही सांगा. अब्बांचं वय झालं, असं चारचौघांत बोलले होते ना? मग हेही चारचौघांत व्हायला पाहिजे." गेल्या रविवारी मंडळात सांगितलं, राजीनामा दिला. पेट्रोलचं काम तेवढं मागून घेतलं. आज हे लिहितोय.

त्या दिवशी गॅरेजमधून निघताना फळीवर ती बाटली दिसली, धुऊन पालथी घातलेली. मी मागितली. नसीम म्हणाली, "नाही. ती इथेच राहील. मे महिन्यात टाकी घेऊन तुम्हीच या." जाईन. तळाचं पेट्रोल तिच्यासमोर बाटलीत काढीन, कट्ट्यावर ठेवीन आणि रेघ उमटते का ते बघत बसेन. चहा ती देईल की नाही, ठाऊक नाही. चहा व्हायला लागतो तेवढा वेळ मात्र मी तिथून उठणार नाही.