मामाच्या हातचं

मामाच्या खुर्चीत माणसं झोपायची. दाढीसाठी म्हणून टेकायची आणि फेस लावून होईपर्यंत त्यांची मान कलंडायची. मामा त्यांना उठवत नसे. झोपेतच वस्तरा फिरवायचा, झोपेतच तुरटी लावायचा आणि मग खांद्यावर दोन बोटं ठेवून हळूच म्हणायचा, "साहेब, स्टेशन आलं." साहेब गडबडून उठायचे आणि समोर आरशात बसलेला गुळगुळीत माणूस आपणच, हे पटायला त्यांना जरा वेळ लागायचा. असं चाळीस वर्षं चाललं. इतक्या वर्षांत एकाच्याही गालावर रक्ताचा थेंब आला नाही, असं मामा सांगतो. मामी म्हणते, दोनदा आला होता, पण दोघंही गाढ झोपले होते, म्हणून ते धरायचे नाहीत.

मी त्याची भाची. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात पडदा लावून बायकांच्या भुवया कोरते, केस कापते. माझा हात केसभरही हलत नाही. हे मीच सांगून टाकते, कारण माझं कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नाही.

गेल्या वर्षी मामाचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग कंगव्यात. औषधं सुरू झाली, थोडा उतार पडला, पण थरथर राहिलीच. गिऱ्हाइकं भली, कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त खुर्चीत कोणी झोपेना. वस्तरा गळ्याशी आला की डोळे टक्क उघडे. एका सकाळी आमचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या मास्तरांच्या कानाशी ते पातं नाचताना मला बघवलं नाही. पडद्यातून पुढे जाऊन मी म्हणाले, "मामा, राहू दे. मी करते." मास्तरांच्या देखत म्हणाले. घरी गेल्यावर म्हणता आलं असतं, ते तेव्हा सुचलं नाही.

मामाने वस्तरा माझ्याकडे दिला आणि हात खिशात घातला. त्या दिवसापासून तो हात खिशातच राहिला. मामा रोज दुकानात यायचा, कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा आणि डाव्या हाताने टॉवेलच्या घड्या घालायचा. इतक्या देखण्या घड्या, की मोडवत नसत. जेवताना तो मामीकडे पाठ करून बसतो, हे मला मामीने सांगितलं. मी तिला धीर दिला, पण दोष माझा होता आणि तो मला ठाऊक होता.

अशात सरडा आला. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक फिरता विक्रेता भाड्याने राहायचा. त्याने हौसेने रंग बदलणारा सरडा पाळला होता. हौस संपली, विक्रेता महिनाभर परतला नाही, फोनही घेईना. शेवटी घरमालकीण जाळीचा पिंजरा घेऊन खाली आली आणि तो बाकावर ठेवून म्हणाली, "रोज वाटीभर पाणी ठेवत होते हो. शिवत नाही मेला. कुठे टाकायचा तो टाका तुम्हीच."

सरडा प्लॅस्टिकच्या फांदीला धरून होता. रंग जळक्या लाकडाचा, डोळे खोल गेलेले, अंगावरची कात अर्धवट सुटून लोंबत होती. समोर वाटीत काठोकाठ पाणी आणि त्यावर धुळीची साय. मामा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग डाव्या हाताने पिंजरा उचलून रस्त्याला लागलासुद्धा. मी गिऱ्हाइकाला अर्ध्या भुवयांवर बसवून त्याच्या मागे धावले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सरड्याला तळहातावर घेतलं. "याला साचलेलं पाणी कळत नाही," त्या म्हणाल्या. "पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच पितो. वाटी भरलेली ठेवून याला तहानेनं मारत आणलंय." मग त्यांनी सुकवलेल्या अळ्यांची पुडी दिली. जिवंत किडे इतक्यात नकोत म्हणाल्या. त्यांच्यामागे धावायचं त्राण याच्यात नव्हतं, उलट तेच याला चावले असते. "चिमट्यात धरून तोंडापुढे न्या. सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर मग माझ्याही हातात काही नाही."

तो गुरुवार होता.

पाण्याचं जमलं. मामीने नाक मुरडत का होईना, आपली जास्वंदीची छोटी कुंडी पिंजऱ्यात ठेवायला दिली. केस भिजवायची फवाऱ्याची बाटली दुकानात होतीच. मामाने पानांवर बारीक पाणी उडवलं. थेंब जमला, जड झाला, पानाच्या टोकाकडे निघाला. सरड्याचा एक डोळा त्याच्यामागून हळूहळू फिरला. मग त्याने तोंड उघडलं आणि तो पीत राहिला, पीतच राहिला. दुपारचं ऊन त्या पानांतून खाली झिरपत होतं आणि आम्ही दोघं श्वास धरून एका सरड्याचा गळा हलताना बघत होतो.

पण काळेपणा जाईना. दिवसभर तो अंग फुगवून भिंतीकडे तोंड वासायचा. आमच्या दुकानात दोन्ही भिंतींना समोरासमोर आरसे आहेत. खुर्चीत बसलं की आपल्यामागे आपण, त्याच्यामागे आपण, अशी रांग लागते. शुक्रवारी मामा एकदम उठला. "अगं, त्याला वाटतंय दुकान सरड्यांनी भरलंय," तो म्हणाला, आणि घडीचे टॉवेल एकेक मोडून त्याने सगळे आरसे झाकून टाकले.

आरसे झाकल्यावर दुकान वेगळंच झालं. भिंती लांब गेल्यासारख्या वाटायला लागल्या. माणसं आपोआप हळू बोलायची. आपण कसे दिसतो हे दिसत नसल्यामुळे असेल, पण गिऱ्हाइकं खुर्चीत सैल बसायची. मास्तर तर जाताना डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "चांगलं झालं असेल, असं समजून जातो." पाणी टपटपायचं, कातरी चालायची, आणि कोणत्या दिवसाची कोणती वेळ आहे याचा पत्ता लागायचा नाही. सरडा कोळशाचा मातकट झाला, मातकटात कुठेकुठे हिरवं डोकावलं. चालताना तो पाऊल उचलायचा, ते हवेत डुलवायचा, पुढे टाकू की नको असं करत एकदाचं टाकायचा. मामी म्हणाली, "तुमचाच भाऊ शोभतो. तुम्ही जिना चढायला लागलात की अशीच संध्याकाळ." मामा कितीतरी महिन्यांनी हसला.

खाण्याचं मात्र नाव नाही. मी रोज चार वेळा भुवयांच्या चिमट्यात अळी धरून त्याच्यापुढे बसायचे. कोपर टेबलाला टेकवून, श्वास रोखून, जराही हलू न देता. सरडा एका डोळ्याने माझ्याकडे बघायचा, दुसऱ्याने दाराकडे. अळी त्याच्या खिजगणतीत नव्हती. शनिवार गेला. रविवारी त्याची फांदीवरची पकड सुटून तो कुंडीत पडला आणि पडला तसाच राहिला. मामाने त्याला डाव्या हाताने उचलून परत बसवलं.

"मामा, तू बघ ना एकदा भरवून," मी म्हणाले.

"तुझा हात चांगला आहे," तो म्हणाला. "तूच भरव."

साधंच वाक्य, पण मला ते वर्मी लागलं. सरडा गेला तर मामा या बाकावरून परत उठायचा नाही, हे मला त्या वेळी स्पष्ट दिसलं. त्याला वर काढणारं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

सोमवारी दुपारी मी पडद्यामागे एका बाईंचं डोकं धूत होते. बाहेर फार शांत होतं. पिंजऱ्याची कडी वाजली असं वाटलं म्हणून मी फेसाळ हातांनीच पडदा सारला.

मामा पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसला होता आणि त्याचा उजवा हात खिशाबाहेर होता. कितीतरी दिवसांनी मी तो हात पाहिला. आधीपेक्षा बारीक झाला होता. चिमटा थरथरत होता आणि चिमट्यातली अळी वरखाली, इकडेतिकडे नाचत होती. आता पडते की मग पडते, असं झालं. माझं पाऊल पुढे पडलंच. "मामा, दे, मी धरते."

"तू नको." त्याने वळूनही पाहिलं नाही. "तुझ्या हातात ती मेलेली असते."

सरड्याचे दोन्ही डोळे दोन दिशांनी फिरत पुढे आले आणि अळीवर येऊन थांबले. तो फांदीवर जरासा पुढे झुकला. अळी नाचत होती. मग मला दिसण्याआधीच जीभ बाहेर येऊन आत गेली होती, चिमटा रिकामा होता आणि सरडा सावकाश चावत होता.

मामा आपल्या हाताकडे बघत राहिला, चिमट्याकडे नव्हे, हाताकडे. मला रडू फुटलं आणि फेसाच्या हातांनी डोळेही पुसता येईनात. आतून बाईंनी विचारलं, "अहो, पाणी घालताय ना डोक्यावर?"

"थांबा जरा," मामाने परस्पर सांगितलं. मग तोच हात त्याने माझ्यापुढे केला, थरथरत होता तसाच.

"पुडीतली दुसरी दे," तो म्हणाला. मी हात पुसून दिली.