शिमग्याच्या अंकातली बस

आमच्या कॉलेजच्या वार्तापत्राचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. मला तो वासाने आठवतो. स्टेन्सिलवर चूक झाली की ती झाकायला लाल द्रवाची बाटली असायची. त्याला नखरंगासारखा वास होता. सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल फिरवलं की त्यात शाईचा वास मिसळायचा आणि ओलसर पान अलगद बाहेर यायचं. मी धारूरकडचा, आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. ते पान दोन्ही हातांनी धरून वाळवताना मला अजून झोपेतच असल्यासारखं वाटायचं.

मी बीडला आलो तेव्हा वार्तापत्र म्हणजे जिन्याजवळच्या काचेच्या पेटीत लावलेला हाती लिहिलेला कागद होता. मग वरच्या वर्गातल्या एका मुलाने ऑफिसमागे धूळ खात पडलेलं यंत्र मागून घेतलं. त्याला आम्ही संपादक म्हणायचो. बाहेर एसटीडीची पिवळी दुकानं आणि कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. आम्ही आत हँडल फिरवत होतो. पेटीतला कागद आता मुलांच्या पिशव्यांतून गावोगाव जाऊ लागला.

अक्षर मात्र एकीचंच. चकलांब्याकडच्या एका खेड्यातून ती रोज एसटीने यायची, बी.एस्सी.ला होती. वाचनालयाच्या खिडकीशी बसून ती स्टेन्सिल कोरायची, तेव्हा बाहेरच्या लिंबाची पानं गळत असायची आणि तिचे ळ गोल गोल उमटत जायचे.

तिची अडचण आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. तिकडची शेवटची बस प्रात्यक्षिकं संपायच्या आधीच सुटायची. आतापर्यंत ती प्रयोग अर्धा टाकून पळायची. उन्हाळ्यानंतर शेवटचं वर्ष. तेव्हा तसं चालणार नव्हतं. बीडला खोली करून राहायला घरून परवानगी नव्हती. वडिलांनी सांगून टाकलं होतं, "रोज घरी येणं जमत आसंल तर शीक. न्हाईतर झालं तेवढं लई झालं."

काचेच्या पेटीपासूनची आमची एक रीत होती. शिमग्याच्या अंकात सगळ्या बातम्या खोट्या. त्या वर्षी कँटीनच्या चहात साखर सापडली होती आणि प्राचार्य कबड्डीच्या संघात निवडले गेले होते. शेवटच्या पानावर कोपरा उरला. तिने कुणाला न विचारता तो भरला : चकलांब्याची शेवटची बस येत्या जूनपासून प्रात्यक्षिकं संपल्यावर कॉलेजच्या फाटकातून सुटेल, आगार व्यवस्थापकांचा निर्णय.

"लई भारी!" संपादक म्हणाला. "खिडकीची जागा पण राखून ठेव की."

"माझी ठेवलीय. तुमी टपावर बसा."

आम्ही हसलो. पण आमची रीत गावाला कुठे माहीत? नेहमीसारखा अंक तिच्या पिशवीतून घरी गेला, पारावर वाचला गेला. छापून आलंय म्हणजे झालंच.

चार-आठ दिवसांनी भर दुपारी फेटे बांधलेली माणसं वाचनालयाच्या दारात उभी राहिली. तिचे वडील, सरपंच आणि मागे दोघं. हातात हार, शाल, नारळ.

"एसटीचे सायब कुठं बसतेत?" वडील म्हणाले. "बस दिली त्यांनी. सत्कार करावा म्हणलं."

तिच्या हातातली लाल बाटली तशीच राहिली.

"आता काय बे?" संपादक माझ्या कानात पुटपुटला.

"आबा," ती उठत म्हणाली, "ती बस..."

"चल माय, तू पण चल. सायबाला नमस्कार कर. तुझ्याचसाठी झालंय."

आगारापर्यंतचा रस्ता आठवतो तो असा : उन्हात डांबर पाण्यासारखं हलतंय, पुढे फेटे, मधे ती, मागे आम्ही दोघं, आणि झेंडूच्या हाराचा वास.

व्यवस्थापक हार बघून खुर्चीतून उठले. काही विचारायच्या आत हार गळ्यात, शाल अंगावर, नारळ हातात. मग त्यांनी विचारलं, "पण कशाबद्दल?"

वडिलांनी घडी घातलेला अंक पुढे केला. व्यवस्थापक उभ्यानेच वाचू लागले. साखरेच्या बातमीपाशी त्यांची मिशी हलली असावी. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "बातमी मी लिहिली. शिमग्याची हाय. खोटी."

वडिलांनी फेटा नीट केला, पण तो नीटच होता.

व्यवस्थापकांनी हार काढायला हात वर नेला आणि मधेच थांबवला. "इथं लोक निवेदनं घेऊन येतात," ते म्हणाले. "नाहीतर काचा फोडायला. हार कुणी आणला नव्हता." नारळ टेबलावर ठेवून त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बराच वेळ पाहिलं. "फाटकातून नाही सुटणार. स्टँडवरूनच. जूनपासून उशिरा सोडून बघू. रिकामी गेली तर पुन्हा जुनी वेळ."

"रिकामी कावून जाईल सायब?" सरपंच म्हणाले. "कोर्टकचेरीला आलेला सगळा गाव हाय की."

बाहेर स्टँडवर वडील एका बाकाशी थांबले.

"खोटं लिहिलंस."

"व्हय आबा."

"मग आता खरं झालं, ते बी तूच लिही."

जूनच्या पहिल्या अंकात तिने ती बातमी त्याच कोपऱ्यात, त्याच अक्षरात लिहिली. फाटकाचे शब्द तेवढे गाळले. कॉलेजात कुणाचा विश्वास बसला नाही. शिमगा अजून संपला नाही का, म्हणून मुलं आम्हाला चिडवत राहिली.

त्या संध्याकाळी प्रात्यक्षिक पूर्ण करून ती स्टँडवर आली. बोटांना कसल्याशा रसायनाचा पिवळा डाग होता. बस भरलेली होती, पण कुणीतरी तिला खिडकी दिली. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली. आम्ही दोघं धुरळ्यात उभे होतो. गाडी वळणावर गेली आणि तिचे मागचे लाल दिवे लागले.