साडूंचं मौन

बोलण्यात माझ्या साडूंना उभ्या वऱ्हाडात जोड नव्हती. ते जेवताना बोलत, झोपेत बोलत, दाढी करून घेतानाही बोलत, त्यामुळे त्यांच्या गालावर कायम कापसाची एखादी चिमूट चिकटलेली असे. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. साडू एस.टी.त कंडक्टर होते. मंगरूळपीरहून निघून किन्हीराजावरून फिरत फिरत वाशीमला जाणारी गाडी त्यांच्याकडे होती, आणि मी वाशीमला कचेरीत कारकून असल्यामुळे रोज त्याच गाडीत असे. म्हणजे माझ्या मेहुणीने ज्या माणसाशी लग्न केलं, त्याचं बोलणं तिच्यापेक्षा मीच जास्त ऐकलं. तिने निदान सात पावलं तरी टाकली होती, माझा काय गुन्हा होता देव जाणे.

बरं, विषय तरी बदलावा! छे. काळवीट, काळवीट आणि काळवीट. किन्हीराजाच्या अलीकडे रस्त्याला लागून मोठा गवताळ माळ होता आणि तिथे काळविटांचा कळप असे. त्या कळपाची सगळी कुळकथा साडूंना पाठ. एकदा मयतीला निघालेली काही मंडळी गाडीत होती. साडूंनी त्यांना तिकिटं दिली, दोन शब्द हळहळले, आणि मग काळवीट उन्हाळ्यात पाण्यावाचून कसं तडफडतं ते सांगायला घेतलं. उतरताना ती मंडळी डोळे पुसत होती, पण मेलेल्यासाठी की काळविटासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माळ आला की साडू दोरी ओढून एक घंटी द्यायचे, गाडी थांबायची, आणि हे अर्धे खिडकीबाहेर लोंबकळत गर्जना करायचे, "ते पाहा! ते पाहा काळवीट!" तोवर कळप पार पसार झालेला असे. सुट्टीच्या दिवशी शाळेची पोरं गोळा करून माळावर नेत, तिथेही हीच तऱ्हा. काळवीट म्हणजे एक प्रकारची धूळ असते, अशी मंगरूळपीरच्या निम्म्या पोरांची प्रामाणिक समजूत होती.

त्या वर्षी माघातच माळावरचा नाला आटला. तहानेनं कळप गावांकडे वळू लागला आणि गावच्या कुत्र्यांनी दोन पाडसं फाडली. त्या दिवशी साडू वाशीमपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत असं मी सांगणार नाही, कारण ते बोललेच, पण आवाज घोगरा होता. माळावर सिमेंटचा पाणवठा बांधायचा आणि दर महिन्याला शाळेच्या पोरांना तिथे नेऊन जंगलाचं शिक्षण द्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि मदत मागत ते दारोदार फिरू लागले.

लोक ऐकून घेत, म्हणजे ऐकून घ्यावंच लागे. शेतकरी म्हणत, "आमची तूर खाते ते, अन आमीच त्याले पाणी पाजाव काय?" साडू म्हणत, "माळावर पाणी भेटलं तं तुह्या वावरात कायले येतीन लेका?" आणि पुढे तासभर सांगत. शेवटी पाळी आली बाजारातल्या जैन कापडवाल्या शेठजींची. शेठजी जीवदयेचे, मन मोठं, पण शब्दाला अतिशय कडक. साडूंचं व्याख्यान सुरू असताना तीन गिऱ्हाइकं आली आणि कंटाळून निघून गेली. शेठजींनी हात जोडले. "कंडक्टर, तुमी आजच्या अमावास्येपासून पुनवेपर्यंत तोंड बंद ठेवून दाखवा. सिमेंट माझं, पोरायच्या सहलीचा खर्च बी माझा. पन एक शब्द जरी निघाला, तं काहीच नाही."

शेठजी बहुधा चेष्टेत बोलले असावेत. साडूंनी मात्र तिथल्या तिथे तोंडावर बोट ठेवलं.

बातमी गावभर झाली आणि मदतीचा नुसता पूर आला. काळविटासाठी कोणी छदाम काढला नसता, पण साडूंच्या गप्प बसण्यासाठी लोक हौसेनं पुढे झाले. गवंड्यानं मजुरी सोडली, वीटभट्टीवाल्यानं विटा कबूल केल्या, किन्हीराजाच्या शेतकऱ्यांनी पाण्याची टिपाडं आळीपाळीनं बैलगाडीतून वाहून न्यायचं ठरवलं. अट सगळ्यांची एकच, शेठजींचीच.

पहिले चार दिवस गाडीत स्वर्ग होता. मी कितीतरी वर्षांनी बसमध्ये झोपलो. मेहुणी म्हणाली, "लग्नानंतर पयल्यांदा माझं एक वाक्य पुरं झालं." काही टवाळ मुद्दाम साडूंसमोर बोलत, "काळवीट म्हणजे बकरीच की हो, रंग तेवढा येगळा." साडू लालबुंद होत, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा रिकामाच खटाखट वाजवत, पण तोंड उघडत नसत.

मग आठवड्याभरानं कसंतरीच वाटू लागलं. गाडी तीच, खड्डे तेच, पण रस्ता सरेना. ड्रायव्हरचाचा, जे जन्मात कधी दोन शब्द बोलले नव्हते, तेच मला म्हणाले, "मियाँ, मागून आवाज नाही तं गाडी रिकामी चालून राह्यली असं वाटते." मीही एकदा, खोटं कशाला बोलू, साडूंना विचारलं, "ते काळवीट उडी किती लांब मारतं हो?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली.

पुनवेचा दिवस आला. संध्याकाळी गाडी मंगरूळपीरच्या स्टँडवर लागली की मौन सुटणार होतं. परतीच्या फेरीला शेठजी स्वतः खात्री करायला गाडीत होते आणि वाशीमची प्रदर्शनी पाहून परतणारी शाळेची पोरंही होती. किन्हीराजा मागे पडलं, माळ आला. मौन धरल्यापासून साडूंनी इथे गाडी थांबवली नव्हती, आज पोरं होती म्हणून दोरी ओढली. एक घंटी. चाचांनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. गर्जना झाली नाही. आणि कळप पळाला नाही.

रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक काळा नर पिळाची शिंगं उंचावून उभा होता, मागे माद्या, त्यांच्या पायांत एक पाडस. पोरं खिडक्यांना चिकटली. कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेईना. एवढी वर्षं मी ह्या प्राण्याबद्दल ऐकत होतो, पाहत मात्र त्या दिवशीच होतो.

तेवढ्यात साडूंच्या बाजूच्या बाकावरच्या एका लहान मुलीनं त्यांची बाही ओढली आणि हळूच विचारलं, "काका, हे काय व्हय?"

जन्मभर न विचारता सांगत आलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी स्वतःहून विचारलं होतं, आणि तेही नेमकं आज. साडूंनी शेठजींकडे पाहिलं, माळाकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, बावा, धर थोडं, आता किती राह्यलं? डोळे भरून आलेले साडू खाली वाकले आणि त्या मुलीच्या कानाशी तोंड नेलं. ओठ हलले. मी पाहिलं, आणि समोरच बसलेल्या शेठजींनी पाहिलं नसेल हे शक्यच नव्हतं.

मग गाडी निघायच्या दोन घंट्या झाल्या. मंगरूळपीर येईपर्यंत साडू मान खाली घालून उभे होते.

स्टँडवर गाव जमलं होतं. गवंडी, वीटभट्टीवाला, सगळे. कोणीतरी ओरडलं, "शेठजी, बोलला का कंडक्टर?"

शेठजींनी टोपी नीट केली. त्यांना खोटं बोलता येत नसे, ही गोष्ट बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. ते म्हणाले, "मले काय इचारता? मी काळवीट पाहून राह्यलो होतो." आणि सरळ दुकानाकडे चालते झाले. दुसऱ्या दिवशी सिमेंट आलं.

पाणवठा झाला, पोरांच्या सहली सुरू झाल्या, आणि साडूंनी पंधरा दिवसांची उधारी व्याजासकट माझ्याच कानांवर वसूल केली. पण माळ आला की ते एक घंटी देत आणि गप्प उभे राहत. कळप नजरेआड झाला की मगच दोन घंट्या. पुढे खूप वर्षांनी मी त्यांना विचारलं, "त्या पोरीच्या कानात काय सांगितलं होतं हो?" वाटलं, आता तासभराची निश्चिंती. साडू एवढंच म्हणाले, "नाव सांगतलं, भाऊ. पोरीनं इचारलं होतं ना."

साडू गेले. मी अजून कधीतरी त्या रस्त्यानं जातो. माळ आला की माझा हात आपसूक वर जातो, दोरी शोधतो, आणि दोरी नसते. गाडी न थांबता पुढे जाते. गाडीत सगळे बोलत असतात, पण मला ज्याचं ऐकायचं असतं, तो त्यांच्यात नसतो.